चूल घरातून काढताना: फोडावी, अंगणात न्यावी की गॅसशेजारी ठेवावी?

सोलापूरच्या जुन्या पेठांत आणि आसपासच्या गावांत ज्यांच्या स्वयंपाकघरात अजून बांधीव चूल आहे, त्यांच्यापुढे सहसा तीन पर्याय असतात: चूल फोडून पूर्णपणे गॅसवर येणे, ती अंगणात हलवणे किंवा गॅसच्या शेजारी आहे तशी राहू देणे. तिसरा पर्याय सर्वांत सोयीचा वाटतो. माझ्या मते तोच आधी बाद करावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो आणि चुलीतला विस्तवही जमिनीलगतच असतो. शिवाय खोलीतला धूर कायम राहतो तो वेगळाच.

हा धूर किरकोळ मानू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. चुलीपुढे बसणाऱ्या बायका आणि त्यांच्याजवळ खेळणारी लहान मुले यांच्याच वाट्याला तो सर्वाधिक येतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार गेलेला असताना, बंद खोलीतली चुलीची धग हा आणखी एक जाच असतो.

अंगणातल्या चुलीच्या बाजूने दोन गोष्टी खऱ्या आहेत. घरच्या शेतातल्या तुराट्या आणि गोवऱ्या विकत घ्याव्या लागत नाहीत, तर १४.२ किलोच्या सिलिंडरचे पैसे रोख मोजावे लागतात. दुसरे म्हणजे कडक भाकरी. तव्यावरून उतरवलेली ज्वारीची भाकरी निखाऱ्यांच्या धगीला टेकवून जशी सावकाश वाळते, तशी गॅसवर वाळवायला मंद आच आणि बराच वेळ लागतो. म्हणून ज्यांच्याकडे मोकळे अंगण, पावसासाठी छप्पर आणि घरचे जळण आहे, त्यांनी चूल बाहेर न्यावी. मात्र ती खिडकीखाली मांडू नये, अन्यथा धूर पुन्हा आतच येतो. अंगण नसेल, जळण विकत घ्यावे लागत असेल किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल, तर ती पूर्णच काढावी. अंघोळीच्या पाण्यासाठी सौर बंब बसवल्यास सिलिंडरवरचा ताणही हलका होतो, कारण ऊन इथे भरपूर आहे.

इंडक्शनच्या शेगडीवर पितळी भांडी आणि खोलगट तवा चालत नाहीत, वीज गेली की सारेच थांबते. त्यामुळे ती जोडीला ठीक.

चूल फोडण्यापूर्वी राख पूर्ण थंड होऊ द्यावी. भिंतीवरची काजळी तारेच्या ब्रशने खरवडून धुण्याच्या सोड्याने धुवावी, कारण तिच्यावर थेट रंग दिल्यास डाग पुन्हा वर येतात. मातीच्या भिंतीला सिमेंटऐवजी माती-चुन्याचाच गिलावा करावा, म्हणजे आत ओल कोंडत नाही. चुलीखालचा खड्डा भरून जमीन सपाट करणे सर्वांत महत्त्वाचे, कारण गळलेला गॅस तिथेच साचू शकतो. शेगडी ओट्यावर, सिलिंडरपेक्षा उंच ठेवावी. माळवदातले सवणे, म्हणजे मातीच्या सपाट छतातला झरोका, उजेडासाठी राहू द्यावे. पण जड गॅस त्यातून वर जात नाही, म्हणून बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत जाळीचा झरोका ठेवावा.