कोर्राल दे ला मोरेरीया : शालीतला सोलेआ
माद्रिदच्या राजवाड्याजवळ १९५६ मध्ये मानुएल देल रेय यांनी सुरू केलेले हे फ्लामेन्कोगृह, म्हणजे स्पेनच्या फ्लामेन्को नृत्य-संगीताचे घर, आज मिशेलिन या उपाहारगृह-मार्गदर्शिकेची मानाची तारा मिळवलेल्या भोजनासाठीही ओळखले जाते. तरी माझ्या मते येथे जावे ते नृत्यासाठीच. मानुएल यांच्या पत्नी, कोर्दोबाच्या नर्तकी ब्लांका देल रेय, याच छोट्या रंगमंचावर नावारूपाला आल्या, आणि लांब झालरींची जड शाल अंगाभोवती फिरवत त्यांनी घडवलेला सोलेआ, म्हणजे फ्लामेन्कोतला एक गंभीर प्रकार, हा त्यांच्या आयुष्यभराच्या साधनेचा अर्क आहे. बारा मात्रांच्या त्या गंभीर आवर्तनात शालीची एकही झालर तालाबाहेर जात नाही, हे केवळ अजोड! पुढे येथील कलादिग्दर्शनही त्यांनीच सांभाळले. टेबल शक्यतो रंगमंचालगतचे मागावे, कारण पदाघात लाकडी फळ्यांवरून थेट ऐकण्यातच खरा आनंद आहे.