वर्कशॉपचं वायरिंग: पट्टी, पीव्हीसी पाइप की लोखंडी पाइप?

घरामागच्या शेडमध्ये किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात छोटं वर्कशॉप थाटायचं असेल, तर भिंत फोडून कन्सील्ड वायरिंग करण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षातच टेबल दोन-तीनदा जागा बदलतं, मग नवं मशीन येतं आणि नेमकं त्याच्याजवळ सॉकेट नसतं. त्यामुळे वायरिंग भिंतीवरूनच न्यावं. ते पट्टीतून न्यायचं, पीव्हीसी पाइपातून की लोखंडी पाइपातून, एवढंच ठरवायचं उरतं.

केसिंग-पट्टी सगळ्यात सोपी. खालची पट्टी स्क्रूने ठोकायची, तारा बसवायच्या, वरून झाकण दाबायचं. सहा महिन्यांनी एक तार वाढवायची झाली तर झाकण उघडा आणि टाका, इतकी सोय दुसऱ्या कशातच नाही. पण हीच सोय वर्कशॉपात नडते. माझ्या शेडमध्ये पहिल्यांदा पट्टीच होती. फळी फिरवताना तिचं टोक लागलं आणि तीन फूट झाकण उडून खाली आलं. आत बघतो तर तारांवर लाकडाच्या भुशाचा मऊ थर. कोरडा भुसा आणि आत कुठे सैल जोड असला, तर ही गाठ चांगली नाही. दिव्या-पंख्यासाठी, छतालगत, हात आणि फळी पोचणार नाही अशा उंचीवर पट्टी आजही चालेल. टेबलाच्या आसपास नको.

पीव्हीसी पाइप बहुतेकांना पुरतो, पण पाइप-पाइपात फरक आहे. लाइट, मीडियम आणि हेवी असे प्रकार मिळतात. दुकानदार विचारल्याशिवाय लाइट हातात ठेवतो, तो दोन बोटांत दाबला तरी चेपतो. भिंतीवर उघडा राहणार असेल तर निदान मीडियम मागा. 20 मिमीच्या पाइपात 2.5 चौरस मिमीच्या तीन तारा आरामात जातात. दोन सर्किटं एकत्र न्यायची असतील तर 25 मिमी घ्या. पाइप गच्च भरला की तारा ओढताना सोलतात आणि पुढे उष्णताही बाहेर पडत नाही. दोन जंक्शन बॉक्सांमध्ये दोनपेक्षा जास्त बेंड ठेवू नका, नाहीतर स्टीलची वायर घालून एकजण ओढतोय, दुसरा ढकलतोय आणि दोघं एकमेकांवर ओरडताहेत असा प्रसंग ठरलेला.

पत्र्याच्या शेडमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत पत्र्याखाली तीस अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात 3 मीटरचा पाइप सहा-एक मिमी वाढतो. क्लॅम्प लांब लांब असले की पाइप धनुष्यासारखा वाकतो, म्हणून दीड-दोन फुटांवर एक क्लॅम्प हवा. शेड गळकी असेल तर पाइप बॉक्समध्ये वरून न आणता खालून आणा, म्हणजे पाइपावरून ओघळणारं पाणी सॉकेटात शिरणार नाही.

लोखंडी पाइप दणकट, पण मजुरीसकट सगळ्यात महाग. कापलेली कड कानसीने साफ करून बुश (पाइपाच्या तोंडाला बसणारी गुळगुळीत रिंग) लावला नाही, तर तीच कड तारेचं आवरण कापते. सगळा पाइप अर्थिंगला जोडावा लागतो आणि तरीही आतून हिरवी तार वेगळी न्यायचीच. कोकणात खाऱ्या वाऱ्याने तो गंजतो, तिथे मी तो सुचवणार नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तिथे किंवा जड वस्तू आदळते त्या खालच्या चार फुटांत मात्र त्याला पर्याय नाही. म्हणजे वर पीव्हीसी आणि तेवढ्या पट्ट्यात लोखंडी.

सॉकेटचा हिशेब साधा आहे. 6 अँपिअरचं सॉकेट 230 व्होल्टवर जेमतेम 1,380 वॉट देतं. सात इंची सर्क्युलर सॉ तेवढं एकटीच मागते. त्यामुळे टेबलाशी सगळी सॉकेटं 16 अँपिअरचीच घ्या, 2.5 चौरस मिमीच्या तारेवर आणि 16 अँपिअरच्या सी-कर्व्ह एमसीबीवर (एमसीबी म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच; बी, सी हे तो किती झटक्याला पडतो त्याचे प्रकार). मोटर सुरू होताना क्षणभर जोराने करंट ओढते, तेवढ्याने बी-कर्व्हची उगाच पडू शकते. घरातल्यासारखी चकचकीत मॉड्युलर प्लेट इथे शोभेची. एक घाव बसला की तडकते. पत्र्याचा बॉक्स आणि त्यावर जाड प्लेट बरी. एअर कंडिशनरला लावतात तो एसी बॉक्स, म्हणजे सॉकेट आणि एमसीबी एकत्र असलेला डबा, काहीजण लावतात, त्यात एमसीबी हाताशी असते, पण प्रत्येक मशीनचा प्लग बदलावा लागतो. 200 अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन पूर्ण जोरात चालवणार असाल तर त्याला 6 चौरस मिमीची स्वतंत्र लाइन आणि 32 अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट द्या. त्याआधी वीजबिलावरचा मंजूर भार बघा.

पैसे वाचवायचे तर पट्टी-पाइपात वाचवा, पण 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळतोय असं दिसताच वीज तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच, सोडू नका. दिव्यांचं सर्किटही वेगळंच ठेवा. सॉवर ताण येऊन एमसीबी पडली आणि त्याबरोबर दिवेही गेले, तर पातं अजून फिरत असतं आणि तुम्ही अंधारात. डीबीतली (एमसीबी बसवतात त्या मुख्य डब्यातली) जोडणी आणि अर्थिंगची तपासणी लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. भिंतीवर पाइप ठोकायचं काम तुम्ही केलंत तरी चालेल.

त्या ठोकाठोकीआधी 8 बाय 4 ची एक प्लायशीट लांब कडेवर उभी करून भिंतीला टेकवा आणि वरच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारा. सॉकेटं त्या रेघेच्या वर, साधारण साडेचार फुटांवर. माझी आधी टेबलाच्या उंचीवर होती, आणि ड्रिल लावायचं म्हटलं की आधी चार शीट हलवाव्या लागत.