हब मोटारची स्कूटर: मागचा टायर बदलेपर्यंतचा अनुभव

रेंज, चार्जिंग, टॉप स्पीड हे सगळं व्हिडिओत पाहून झालं असेल, ते मी पुन्हा लिहीत नाही. गाडीचं नावही लिहीत नाही, कारण सर्व्हिस सेंटरशी माझं अजून मिटलेलं नाही. मागच्या चाकातच मोटार (हीच हब मोटार) असलेली इलेक्ट्रिक स्कूटर, गेल्या दिवाळीत घेतलेली, रोज नेरूळ ते तुर्भे एमआयडीसी आणि परत. एवढं पुरे.

तर टायर. तुर्भ्याला एका गोडाऊनसमोर पत्र्याच्या तुकड्याने मागचा टायर साईडला चिरला. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर चाक न काढता भागतं, पण साईड फाटली की टायरच बदलावा लागतो, आणि त्यासाठी चाक काढावं लागतं. पहिल्या पंक्चरवाल्याने चाकातून निघालेली जाड केबल पाहिली आणि उठून उभाच राहिला. "काका, यात मोटार आहे, मी हात लावणार नाही." दुसऱ्याने तर गाडी आत घ्यायलाही नकार दिला.

सर्व्हिस सेंटर म्हणालं, टेम्पोत घालून आणा. टायर शिल्लक नाही, मागवावा लागेल. मजुरी टायरच्या किमतीच्या जवळपास. का, तर "सर, हे मोटारचं काम धरतात." अरे, मोटारला काय झालंय? हवा गेलीय टायरची! वर दम: बाहेर चाक उघडलंत तर मोटारची वॉरंटी जाईल. पेट्रोलचे वाचवलेले पैसे असे एका टायरमध्ये घालवायचे असते, तर जुनी गाडी काय वाईट होती?

रागाच्या भरात या चाकातल्या मोटारची कुंडली काढली. शोरूममध्ये ही जणू कालच लागलेला शोध असल्यासारखी दाखवतात. प्रत्यक्षात 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात लोनर-पोर्श गाडी उभी होती, पुढच्या दोन्ही चाकांत मोटारी, ना गिअरबॉक्स ना चेन. ती बनवणारा फर्डिनंड पोर्श तेव्हा पंचविशीत होता. त्या गाडीत शिशाची बॅटरीच 400 किलोच्या आसपास होती, म्हणजे माणसं बसायच्या आधीच गाडी भरलेली. पुढे पेट्रोल गाड्यांना 1912 पासून सेल्फ स्टार्टर आला, हँडल मारायची कटकट गेली आणि ही कल्पना अडगळीत पडली. 1971 मध्ये चंद्रावरच्या रोव्हरच्या चारही चाकांत मोटारी होत्या, पण तिथे पंक्चर काढायचा प्रश्न नव्हता, जाळीची चाकं. आता निओडिमियमचे ताकदवान चुंबक, लिथियम बॅटरी आणि मोटार कार्बन ब्रशशिवाय चालवणारा कंट्रोलर, या तिघांच्या जोरावर ती आमच्या नेरूळला आली.

शेवटी वाट दाखवली जेवण पोचवणाऱ्या एका मुलाने. या पोरांच्या भाड्याच्या स्कूटरमध्ये बहुतेक वेळा हीच हब मोटार असते, आणि त्या रोज बिघडतात. कोपरखैरण्याच्या एका गॅरेजवाल्याचं सगळं पोट त्यावरच चालतं. त्याने आधी केबलच्या जोडाचा मोबाईलवर फोटो काढला, कनेक्टर सोडवले, अॅक्सलचे (चाकाच्या आसाचे) नट काढले आणि वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवले. केबल पोकळ अॅक्सलमधूनच बाहेर येते, ती पिळली जाऊ नये म्हणून चिकटपट्टीने बांधली. मग सुट्टं चाक मला हाताने फिरवायला दिलं. भिंगरीसारखं फिरलं. त्याने तीन जाड वायरींची टोकं एकत्र टेकवली आणि म्हणाला, आता फिरवा. हलेना! जोर लावला तर आत कुणीतरी धरून ठेवल्यासारखं जडपणे सरकायचं.

इथे माझं मत थोडं बदललं. थ्रॉटल सोडला की गाडी स्वतःहून ओढल्यासारखी हळू होते, ती या चुंबकांच्या ओढीमुळेच. फक्त तिथे फिरत्या मोटारीत तयार होणारी वीज वाया न जाता बॅटरीत परत जाते. हेही जुनंच, पॅरिसच्या लुई क्रिगरच्या इलेक्ट्रिक गाड्यांत 1890 च्या दशकात होतं. हार्बरच्या नव्या लोकलही ब्रेक मारताना वीज तारेत परत सोडतात. या ओढीमुळेच माझ्या गाडीचे ब्रेक शू अजून नव्यासारखे आहेत. मागे ड्रम ब्रेक बघून मी घेताना नाक मुरडलं होतं. पण इलेक्ट्रिक गाडीत ब्रेक कमी वापरला जातो, उघडी डिस्क गंजत बसते, म्हणून फोक्सवॅगननेही आयडी.3 या इलेक्ट्रिक कारला मागे ड्रमच दिले. खाडीच्या खाऱ्या हवेत मला ते पटलं.

पावसाळ्यात बेल्ट नाही, चेन नाही, ग्रीस नाही. याबाबतीत तक्रार शून्य. खड्ड्यांत मात्र चाक जड असल्याने मागून दणका थेट कमरेत येतो, सायन-पनवेल हायवेला तर विचारू नका. आणि बेलापूरला पारसिक हिलवर बायको मागे असली की निम्म्या चढावर दम तुटतो. ती म्हणते, "अहो, मी उतरून चालत येऊ का?"

गॅरेजवाल्याने सर्व्हिस सेंटरच्या एक चतुर्थांश मजुरीत काम केलं. टायर मी स्वतः वाशीहून आणला होता, त्यालाही घासाघीस करून. टायर बदलल्याने मोटारची वॉरंटी कोणत्या कलमाने जाते ते लेखी द्या, असा मेल कंपनीला टाकलाय, उत्तर नाही. तुम्ही घेणार असाल तर शोरूममध्ये रेंजचं नंतर बघा, आधी विचारा: मागचा टायर स्टॉकमध्ये आहे का, आणि तो बदलायची मजुरी किती? आकडा बिलाच्या कागदावर लिहून घ्या.