सात महिन्यांचा स्कॅनर आणि यू०१८४ चा शोध

सात महिन्यांपूर्वी माझ्या गाडीची म्युझिक सिस्टीम चालता चालता बंद पडू लागली. स्क्रीन काळी व्हायची, स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं चालायची नाहीत आणि दोन-तीन मिनिटांनी सगळं आपोआप सुरू व्हायचं. गॅरेजमध्ये सांगितलं, ‘युनिट गेलंय, नवीन टाका.’ मन मानेना, म्हणून गाडीतल्या सगळ्या मॉड्यूलपर्यंत (वेगवेगळी कामं सांभाळणाऱ्या छोट्या संगणकांपर्यंत) पोचणारा, केबलने जोडायचा स्कॅनर घेतला. तो इतके महिने वापरल्यावर हे लिहितोय.

माझ्याकडे आधी एक छोटा ब्लूटूथ अडॅप्टर होता. तो फक्त इंजिनचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे बिघाडाचे कोड वाचायचा आणि दर वेळी ‘एकही कोड नाही’ असं दाखवायचा. मी त्यावर विश्वास ठेवून बसलो होतो. मॉड्यूलमधला संपर्क तुटल्याचे कोड ‘यू’ने सुरू होतात आणि बहुतेकदा इंजिनाबाहेरच्या मॉड्यूलमध्ये साठतात. तिथवर अडॅप्टर पोचतच नव्हता. नव्या स्कॅनरने पहिल्याच पूर्ण तपासणीत यू०१८४ दाखवला: रेडिओशी, म्हणजे म्युझिक सिस्टीमच्या युनिटशी, संपर्क तुटला.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती एक साधी गोष्ट. कोड कुठे साठलाय हे स्कॅनर मॉड्यूलच्या नावासकट सांगतो. माझ्याकडे तो मीटर कन्सोल आणि (दिवे, काचा, लॉक सांभाळणारं) बॉडी कंट्रोल मॉड्यूल या दोघांत होता, रेडिओत नव्हता. म्हणजे यू०१८४ ही रेडिओबद्दल इतरांनी केलेली तक्रार आहे. रेडिओ का बोलत नाही, हे त्यात नसतं. तो बिघडलेला असू शकतो, त्याला वीज मिळत नसेल किंवा मधली तार तुटली असेल. स्कॅनरच्या ‘संभाव्य कारणे’ या पानावर मात्र सगळ्यात वर ‘सदोष रेडिओ’ असंच लिहिलंय. हे पान मी आता उघडत नाही.

कोड पुसले आणि आधी बॅटरी पाहिली. बॅटरी उतरली असेल तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतकं पडतं की भराभर खोटे यू कोड साठतात. माझी बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट दाखवत होती, त्यामुळे तो संशय गेला. दोनच दिवसांत यू०१८४ परत आला. तेव्हा एक लक्षात आलं: आवाज वाढवला की तो हमखास येतो.

पुढे मी एक चूक केली आणि त्यात जवळजवळ महिना गेला. मॉड्यूल ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात त्या कॅन बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून बॅटरी काढून ओबीडी पोर्टच्या (स्कॅनर जोडायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ या पिनांमध्ये मोजलं की साधारण ६० ओहम यायला हवेत. मला ६० आले, म्हणून तारा ठीक आहेत असं धरून चाललो. नंतर वायरिंगचा नकाशा नीट पाहिला. माझ्या गाडीत रेडिओ त्या बसवर नाहीच; तो गेटवेमागच्या (दोन बस जोडणाऱ्या मॉड्यूलमागच्या) वेगळ्या बसवर आहे आणि ती बस ३ आणि ११ या पिनांवर येते. या पिना कशाला वापरायच्या हे कंपनी ठरवते, म्हणून नकाशाशिवाय मोजमापाला अर्थ नाही. तिथेही ६० ओहमच आले, पण आता ते योग्य जागी मोजलेले होते.

मग रेडिओ बाहेर काढून मागच्या कनेक्टरवर वीज तपासली. मल्टिमीटरने १२.५ व्होल्ट, अगदी निर्दोष! पण मल्टिमीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे केसाएवढ्या धाग्यावर टिकलेला जोडही तो चांगलाच दाखवतो. त्याच दोन पिनांना २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावला, तर तो मिणमिणला. बल्ब चालू असताना अर्थची (अर्थिंगची, वीज परत जाण्याची) पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मोजलं: १.६ व्होल्ट. तिथे ०.१ च्या वर काही नको असतं. अर्थची तार डॅशबोर्डमागे एका बोल्टखाली होती. बोल्ट सैल आणि टर्मिनलखाली गंज. आवाज वाढला की रेडिओ जास्त करंट ओढायचा, व्होल्टेज पडायचं, रेडिओ रिसेट व्हायचा आणि बाकीचे मॉड्यूल तक्रार नोंदवायचे. पॉलिश पेपरने घासून, बोल्ट आवळून पुन्हा मोजलं तेव्हा ०.०४ व्होल्ट आले. चार महिने झाले, यू०१८४ परत आलेला नाही.

युनिट बदललं असतं तर नव्या रेडिओचं कोडिंगही (गाडीशी जुळवून घेणं) करावं लागलं असतं आणि बिघाड तसाच राहिला असता.

आता स्कॅनरबद्दल. पूर्ण तपासणीला चार-पाच मिनिटं लागतात. गाडीत नसलेली मॉड्यूलही तो ‘प्रतिसाद नाही’ म्हणून दाखवतो. पहिल्यांदा मी घाबरलो होतो. गाडी ठीक असताना काढलेला अहवाल जपून ठेवा, म्हणजे नंतर ताडून पाहता येतं. स्पीकर एकेक करून वाजवून बघायची चाचणी छान आहे. उन्हात स्क्रीन दिसत नाही, केबल आखूड आहे. कोड चालू आहे की जुना, हे तो वेगवेगळं दाखवतो आणि अधूनमधून येणाऱ्या बिघाडासाठी मला तेच सर्वात महत्त्वाचं वाटतं. फक्त ओबीडी पोर्टला तो कायमचा लावून ठेवू नका. पोर्टच्या १६ नंबर पिनेवर बॅटरीची थेट वीज असते, गाडी बंद असली तरी, म्हणून बॅटरी उतरू शकते.