डॅशबोर्डवाल्यांना ६५ हजार दिले, वसूल झाले का?

परवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका दोस्तानं विचारलं, तू ते कॉम्प्युटरवर धंदा बघायचं काहीतरी करून घेतलंयस म्हणं, कसं आहे? चहा संपला तरी निम्मं पण सांगून झालं नाही, म्हणून इथं एकदाच सगळं लिहून टाकतो. सर्व्हिसवाल्यांचं नाव टाकत नाही कारण तक्रारी पण आहेत आणि पोरं स्वभावानं चांगली आहेत. राजारामपुरीत छोटं ऑफिस, दोन पोरं आणि एक मुलगी, तुमच्या टॅलीतला आणि एक्सेलमधला डेटा उचलून पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये डॅशबोर्ड, म्हणजे धंद्याचे आकडे चार्टमध्ये दाखवणारी पानं, बनवून देतात. सुरुवातीला ६५ हजार आणि नंतर महिन्याला ४ हजार. मायक्रोसॉफ्टचं लायसन वेगळं, तेपण २०२५ च्या एप्रिलपासून महिन्याला माणशी १० चं १४ डॉलर झालंय, हे आधी कुणी सांगत नाही, विचारून घ्या.

आमची फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना, शिरोली एमआयडीसीत, ट्रॅक्टरचे आणि पंपाचे पार्ट ओततो. आण्णांनी सुरू केली, आता मी बघतो, म्हणजे आण्णा रोज येऊन बघतात की मी नीट बघतोय का.

पहिल्या डेमोला त्यांनी ३२ चार्ट दाखवले. गोल गोल मीटर, काटे फिरतायत, लाल हिरवं पिवळं. आण्णा म्हणाले, आम्ही काय गाडी घ्यायला बसलोय काय. तिथंच प्रकरण संपत होतं पण त्या मुलीनं एक प्रश्न विचारला, सर, यातला प्रत्येक आकडा उद्या सकाळी बिघडलेला दिसला तर तुम्ही काय वेगळं करणार? एकेक चार्ट घेऊन बसलो तर ३२ पैकी फक्त ५ चार्टना माझ्याकडं उत्तर होतं. बाकीचे २७ तिनं माझ्यासमोर उडवले. हे ज्या कंपनीत घडत नाही तिथं पैसे देऊ नका, साधं सांगतो.

आता खरा विषय, रिजेक्शन, म्हणजे बाद निघालेला माल. आमच्याकडं महिन्याचं रिजेक्शन किती असं विचारलं की तीन उत्तरं यायची. मिस्त्री नग मोजायचे, डिस्पॅचवाला किलोत सांगायचा आणि अकाउंटंट डेबिट नोटा बघून रुपयात. तिघं पण बरोबर आणि तिघांचा ताळमेळ कधीच नाही. पण यापेक्षा मोठी गडबड तारखेची होती जी मला इतक्या वर्षांत कधी सुचली नाही. कास्टिंग आज ओतलं, मग फेटलिंग (जादा धातू काढून साफ करणं), पेंट, डिस्पॅच, गिऱ्हाइकाकडं जाऊन मशिनिंगला लागतं आणि वरची कातडी निघाली की मग आतलं ब्लो होल, म्हणजे गॅसनं पडलेलं भोक, उघडं पडतं. तोवर तीन-चार आठवडे गेलेले असतात. रिटर्न चलन येतं, अकाउंटंट ज्या दिवशी चलन आलं त्या तारखेला नोंद करतो. म्हणजे जूनमध्ये ओतलेलं पाप जुलैच्या खात्यावर. आणि मी जुलैचा आकडा बघून जुलैमध्ये शॉपवर जाऊन आरडाओरडा करणार, साच्याच्या सँडचं मिक्स बदलायला लावणार, जे त्यावेळी बऱ्यापैकी बरं चाललेलं असायचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

प्रत्येक कास्टिंगवर हीट कोड, म्हणजे भट्टीच्या कुठल्या घाण्यातून ओतलंय त्याचा नंबर, असतोच, तो होता म्हणून वाचलो. जुनी रिटर्न चलनं काढून एक पोरगा तीन आठवडे हीट नंबर टाइप करत बसला (त्याचा पगार वेगळा, तो पण खर्चात धरा). सगळं ओतल्याच्या तारखेवर लावल्यावर चित्रच पालटलं. चढ जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आठवड्यांत. नवीन सँडचा ढीग अर्धा शेडच्या बाहेर पडलेला असायचा, ओला माल मिक्सरला जायचा आणि मॉइश्चर वाढलं की गॅस धरून ब्लो होल. ढिगावर पत्रा टाकला आणि पावसाळ्यात मॉइश्चर दर तासाला बघायला लावलं. फरक वाटतोय, पण एकच पावसाळा गेलाय त्यामुळं मिशा पिळत नाही.

दुसरी गोष्ट सेकंड शिफ्टची. माझं कायमचं मत की रात्रीची पोरं कामचुकार आहेत, आणि एकूण आकडा पण तेच दाखवत होता, फर्स्ट शिफ्टपेक्षा रिजेक्शन जास्त. मी एकाला काढायच्या बेतात होतो. मग पार्टवाईज फोडून बघितलं तर ब्रॅकेटमध्ये दोन्ही शिफ्ट सारख्या आणि हाउसिंगमध्ये रात्रीवाले उलट किंचित बरे. हाउसिंग हा पार्टच अवघड, आत कोअर (पोकळी ठेवायला साच्यात बसवायचे सँडचे गाभे) जास्त, आणि प्लॅनिंगमध्ये मीच तो रात्री लावत होतो. सगळा अवघड माल रात्रीच्या गळ्यात घालून वर त्यांनाच शिव्या. त्या पोराला हे सांगितलेलं नाही, पण दिवाळीला पाकीट जरा जाड दिलं.

रेटचं सांगतो, हे फाउंड्रीवाल्यांना पटकन कळेल. आपण सगळे किलोवर विकतो आणि किलोवरच विचार करतो, अमुक पार्टीला रेट चांगला, तमुक पार्टी कंजूस. पण आमच्याकडं अडतं कुठं तर मोल्डिंग लाईनवर, दिवसाला जेवढे बॉक्स, म्हणजे साच्याच्या पेट्या, निघतील तेवढंच. भट्टी मोकळी असते, बॉक्स नसतात. मग हिशोब किलोमागं करून काय उपयोग, एका बॉक्समागं मागं काय उरतं ते बघायला पाहिजे. तसं लावल्यावर आमचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक, ज्याचा किलोचा रेट सगळ्यात भारी, तेच तळाला गेलं. त्याचा पार्ट हलका, एका बॉक्समधून ४ किलो निघतं, कोअर महाग आणि पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, सारखा बदलावा लागतो. वर ज्याला मी कंजूस म्हणत होतो त्याच्या एका बॉक्समधून २२ किलो. आण्णांना दाखवलं तर ते म्हणाले, हे मला ठाऊक होतं. मग सांगितलं का नाही, तर म्हणे तू विचारलं नाहीस. असो. लाडक्या गिऱ्हाइकाला एका बॉक्समध्ये चार नग निघतील असा पॅटर्न करून द्या म्हणून सांगितलंय, बोलणी चालू आहेत.

विजेचं पान पण कामाचं आहे. आमच्यासारख्या हाय टेन्शन वीज कनेक्शनवाल्यांना आधी रात्री दहानंतर सवलत असायची म्हणून सगळी फाउंड्री लाईन रात्री भट्टी पेटवायची. २०२५ च्या जुलैपासून ते फिरलं, आता सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ आणि संध्याकाळी ५ ते रात्री १२ जादा आकार. बिल महिन्यानं येतं, तोवर काय जळायचं ते जळून जातं. हे लोक मीटरचा डेटा तासावार लावून देतात, त्यात स्वच्छ दिसलं की आम्ही सवयीनं संध्याकाळी ६ ला पहिली हीट घेत होतो. ती दुपारी ओढली. यासाठी डॅशबोर्डच लागतो असं नाही, पण इतके दिवस कुणी बघितलं नव्हतं हे पण खरं.

आता तक्रारी.

फोरकास्ट म्हणून एक पान दिलंय, पुढच्या तीन महिन्यांची विक्री दाखवतं. नुसता खुळ्याचा बाजार. डेटा २०१९ पासूनचा घातलाय, त्यात ऑगस्ट २०१९ ला महापुरात हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली होता, एप्रिल २०२० लॉकडाऊन, जुलै २०२१ परत पूर. त्या बिचाऱ्या मशीनला वाटतंय की कोल्हापूरचे लोक पावसाळ्यात धंदाच करत नाहीत. ते महिने बाजूला काढा म्हणून तीनदा सांगितलं, अजून तसंच आहे.

उधारीचं पान छान रंगीत आहे पण ते टॅलीत आधीपासून आहे, बिल्स रिसीवेबल उघडलं की झालं. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. एक मात्र बरं केलंय, ४५ दिवसांवर गेलेली बिलं वेगळी दाखवतात, २००६ च्या एमएसएमई कायद्यातली, लहान उद्योगांचं बिल भागवायची जास्तीत जास्त मुदत ती. तो कागद दाखवून फोन केला की समोरचा जरा सरळ बोलतो.

कारणांची यादी हा सगळ्यात मोठा घोटाळा. शॉपवर टॅब दिला, रिजेक्शनचं कारण निवडायचं, १४ कारणं. महिन्यानं रिपोर्ट काढला तर निम्म्याहून जास्त ‘इतर’. मी मिस्त्रींवर उखडलो तर ते म्हणाले, मालक, हातात मोजे असतात, ती यादी वर सरकत नाही, ‘इतर’ सगळ्यात वर होतं. राजारामपुरीत एसीत बसून यादी केली की असं होतं. आता सहा मोठी बटणं आहेत, ब्लो होल, सँड ड्रॉप, कोल्ड शट वगैरे, आणि ‘इतर’ काढून टाकलंय.

आणि सपोर्ट. पैसे पूर्ण मिळेपर्यंत दोन रिंगमध्ये फोन उचलायचे, नंतर व्हॉट्सॲपवर निळी टिक येते आणि गप्प. एकदा सलग आठ दिवस आकडे हललेच नाहीत. शेवटी आमचीच चूक निघाली, ज्या पीसीवरून डेटा वर जातो तो ऑफिसातला पोरगा वीज वाचवायला रोज रात्री बंद करून घरी जात होता. पण हे दोन मिनिटांत फोनवर सांगता आलं असतं की नाही? पीसीवर आता खडूनं लिहिलंय, बंद केलास तर चहा बंद.

पाचपैकी साडेतीन देतो. ते अर्धं त्या मुलीच्या प्रश्नाला. पुढच्या वर्षाचं बोलताना फोरकास्ट आणि उधारीचं पान काढायला सांगितलं आणि महिन्याचे ४ हजारचे अडीच केले. मिस्त्रींची लाल वही अजून चालू आहे, ते आधी वहीत लिहितात आणि मग टॅबवर, आणि दोन्हीत फरक पडला तर मी अजून वहीच खरी धरतो.