अंदाजाच्या चित्रावर पट्टी चिकटवा, मग यंत्र चांगलं आहे

फोनवरचा सात दिवसांचा अंदाज बघून मी वैतागले होते. सोमवारी म्हणे शनिवारी पाऊस, बुधवारी तो रविवारवर गेला, आणि पडला शुक्रवारीच, वाळत घातलेल्या कपड्यांवर. लहान गावाचं हे असंच. अंदाज काढणारी संगणकी प्रारूपं जमिनीवर काही किलोमीटरच्या चौकटी आखतात, आणि अख्खं गाव अशा एकाच चौकटीत मावतं. गावाच्या एका टोकाला सर आणि दुसऱ्या टोकाला कोरडं, हे त्या चौकटीला कसं कळणार? म्हणून घरगुती हवामान यंत्र घेतलं. गच्चीवर खांबाला लावायचा संच, आत भिंतीवर स्क्रीन, मध्ये वायर नाही. चार महिने वापरून लिहितेय.

पहिल्याच दिवशी स्क्रीनवर हवेचा दाब ९४८ हेक्टोपास्कल. समुद्रसपाटीला सरासरी १०१३ असतो, आणि ९४८ म्हणजे मोठ्या चक्रीवादळाचा मध्य! बाबा खिडक्या लावायला उठले. मग माहितीपुस्तिकेत सापडलं की हा आपल्या उंचीवरचा प्रत्यक्ष दाब आहे. समुद्रसपाटीपासून वर जाताना सुरुवातीला दर आठ मीटर चढलं की साधारण एक हेक्टोपास्कल कमी होतो. समुद्रसपाटीला आणलेला आकडा हवा असेल तर तो आपणच एकदा भरायचा. ही गोष्ट पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हवी होती, ती शेवटून दुसऱ्या पानावर बारीक टायपात आहे.

तापमानाची चूक मात्र माझी. संच मी गच्चीच्या कठड्याला लावला आणि दुपारी ४१ अंश बघून शेजारीपाजारी सांगत सुटले. सावलीत दुसरा तापमापक टांगला तर ३४. आपण कमाल आणि किमान तापमान म्हणतो ते हवेचं, उन्हात तापलेल्या सिमेंटचं नव्हे. वेधशाळेत पांढऱ्या झडपांच्या पेटीत तापमापक ठेवतात ते याचसाठी. ती पेटी थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या दीपगृह बांधणाऱ्या इंजिनिअरने केली, म्हणून तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. यंत्राला तशाच थाळ्यांचं छोटं कवच आहे, पण कठड्याच्या धगीपुढे ते काय करणार? खांब कठड्यापासून लांब नेल्यावर आकडे शहाण्यासारखे यायला लागले.

पर्जन्यमापकावर माझा जीव जडलाय. आत एक छोटी डुगडुगती पन्हळ आहे. ०.३ मिलिमीटर पाऊस भरला की ती टक्कन कलंडते आणि यंत्र एक मोजतं. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेत एक लिटर पाणी, एवढं लक्षात ठेवलं की घरीच तपासता येतं. माझ्या नरसाळ्याचं तोंड ११ सेंटिमीटर, म्हणजे ९५ मिलिलिटर पाण्याला १० मिलिमीटर दिसायला हवेत. औषधाच्या पिचकारीने थेंब थेंब सोडलं तर ९.३ आले. ठीक. भसकन ओतलं तर आणखी कमी, कारण पन्हळ कलंडत असताना वरून येणारं पाणी मोजणीतून निसटतं. म्हणजे धो धो पावसात याचा आकडा थोडा कमीच धरायचा. आणि नुसती भुरभुर असेल तर शून्य! अंगण ओलं, स्क्रीन कोरडी.

आर्द्रतेचं कोडं मला याच यंत्राने सोडवून दिलं. सकाळी २१ अंशाला ९४ टक्के, दुपारी ३२ अंशाला ४९. मला वाटायचं, हवा वाळली. पण बाजूचा दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव पडायला लागतं तो आकडा, दोन्ही वेळा २० च! म्हणजे हवेतली वाफ जवळपास तेवढीच, तापल्यावर हवेची धरून ठेवायची ताकद वाढली एवढंच. आता घामाने जीव नकोसा होईल का हे बघायला मी टक्के बघत नाही, दवबिंदू बघते.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. वेधशाळेचा वारा मोकळ्या जागी दहा मीटर उंचीवर मोजतात. आमचा पाण्याच्या टाकीआडचा, त्यामुळे वेग कायम कमी. शिवाय खांबावरचा बाण नेमका उत्तरेला लावावा लागतो, मी तो अंदाजाने लावला होता. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा, हेही घरात दोनदा भांडण झाल्यावर ठरलं.

आता खरी तक्रार. स्क्रीनच्या कोपऱ्यात सूर्य, ढग, पाऊस असं चित्र येतं, आणि पेटीवर तेच सगळ्यात मोठं छापलंय. पहिले काही दिवस रोज दुपारी चित्रात ढग, बाहेर निरभ्र. मी दर तासाला दाब लिहायला घेतला. रोज सकाळी दहापर्यंत चढतो, दुपारी चारला खाली, रात्री दहाला पुन्हा वर. वातावरणाची ही रोजची भरती-ओहोटी विषुववृत्ताकडच्या प्रदेशात चांगलीच जाणवते. यंत्राला तेवढंच दिसतं, दाब उतरला की ढग. दाब चढउतारावरून हवा ओळखायची ही रीत थंड प्रदेशांत बरी चालते, इथे नाही. फोनचा अंदाज चुकत असेल, पण त्याच्यामागे उपग्रह आहेत, या चित्रामागे एकटा दाबमापक.

पाचपैकी साडेतीन. उद्या काय होणार हे विचारायला घेऊ नका, आत्ता आपल्या गच्चीवर काय चाललंय हे बघायला घ्या. त्या चित्रावर मी पांढरी चिकटपट्टी लावली आहे. बाबा रोज चहाच्या वेळी ती उचलून बघतात.