ब्लूटूथ ५.३ चे बड्स, आठ महिन्यांनी: गाणी एक नंबर, माईक चालू केला की पत्र्याचा डबा

बड्स घेऊन आठ महिने झाले. मध्ये दोनदा लिहायला बसलो आणि राहून गेलं, पण परवा सर्व्हिस सेंटरची तिसरी चक्कर झाली आणि म्हटलं आता लिहायचंच. कंपनीचं नाव देत नाही, कारण दुसऱ्या कुणाचे घेतले असते तरी बरंचसं हेच झालं असतं. किंमत साडेपाच हजार. बॅटरी, फिटिंग, नॉइज कॅन्सलेशन यावर सगळीकडं लिहून आलंय, ते ठीकच आहे. केसचं झाकण जरा ढिलं झालंय, ते पण सोडा.

माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे, माईक.

घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत आणि काम घरातनंच. शिरोली एमआयडीसीतल्या दोन फौंड्र्यांसाठी पॅटर्नची, म्हणजे ओतकामाच्या लाकडी नमुन्यांची, ड्रॉइंग करतो, पुण्याच्या पार्टीबरोबर दिवसाला दोन-तीन कॉल असतातच. आबांना कमी ऐकू येतं म्हणून टीव्ही फुल आवाजात, म्हणून तर एवढे पैसे घातले. लॅपटॉपवर गाणी लावली की काय आवाज, नाद खुळा. पण मीटिंग जॉइन केली, माईक चालू झाला, की त्याच सेकंदाला सगळं बसतं. विहिरीतनं बोलल्यागत. मीटिंग सोडली की परत झकास.

एकदा तर पार्टी म्हणाली रिबची जाडी सहा ठेवा आणि मी ऐकलं दहा. दहाचं ड्रॉइंग करून पाठवलं. नशीब पॅटर्नला जायच्या आधी त्यांनी बघितलं, नाहीतर लाकूड पण माझंच गेलं असतं आणि इज्जत पण. अर्धा दिवस परत काम केलं आणि तडक सर्व्हिस सेंटर गाठलं.

काउंटरवरच्या पोरानं गाणं लावलं, कानाला लावून बघितलं, म्हणाला, "सर साउंड ओके आहे की." म्हटलं अरे बाबा कॉल लावून बघ. तर म्हणतो, "कॉलवर असंच येतंय सर." मी असा भडकलो की विचारू नका. शेवटी बदलून नवा पीस दिला. घरी येऊन बघतो तर तसंच.

आता कबूल करायला लागतंय की तो पोरगा बरोबर होता. भाचा बारावीला आहे, त्यानं मला बसवून समजावलं आणि नंतर मी स्वतः पण बरंच वाचलं. गाणी ज्या रस्त्यानं येतात त्याला एटूडीपी म्हणतात, हे २००३ पासूनचं आणि एकेरी, म्हणजे आवाज फक्त कानाकडं येणार, माईकचा आवाज परत जायला त्यात जागाच नाही. माईक चालू झाला की जोडणी दुसऱ्या रस्त्यावर जाते, हँड्सफ्री प्रोफाइल, जे मुळात गाडीत फोनवर बोलण्यासाठी केलेलं. त्यातल्या जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला ८ हजार नमुने घेतात, म्हणजे ४ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. आणि 'स' चा जो सिसकारा असतो तो जास्त करून त्याच्या वरच असतो! सहाचं दहा कसं झालं ते तेव्हा डोक्यात शिरलं. २०११ मध्ये त्याच्यात सुधारणा होऊन १६ हजार झाले, त्यानं बोलणं बरं ऐकू येतं, पण दोन्हीकडची यंत्रं ते बोलली पाहिजेत आणि गाण्याची मजा त्यात पण नाहीच.

बरं, यावर औषध नाही असं पण नाही. एलई ऑडिओ नावाचं नवं स्टँडर्ड जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं, त्यात एलसीथ्री कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) आहे, माईक चालू ठेवून पण कानात चांगला आवाज येऊ शकतो. कागदावरचं सगळं काम २०२२ च्या जुलैत पूर्ण झालं, अँड्रॉइड १३ मध्ये त्याच वर्षी सोय आली. आणि माझ्या बड्सच्या खोक्यावर मागं मुंगीएवढ्या अक्षरात तेच लिहिलेलं होतं, मी फक्त पुढचा मोठा ५.३ वाचून पैसे दिले. तो ५.३ काही सांगत नाही बघा. एलई ऑडिओला जे लागतं ते ५.२ मध्ये आलं खरं, पण घालायचं की नाही हे बनवणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणजे ५.२, ५.३ लिहिलेलं असून पण आत ते नसलं तरी कुणी खोटं बोललं असं होत नाही.

ॲपमध्ये खोल कुठंतरी बटण सापडलं, 'बीटा' लिहिलेलं, म्हणजे अजून चाचणीतलं. चालू केलं आणि इचलकरंजीच्या ताईला फोन लावला. शेजारी बसून बोलल्यागत आवाज! दहा मिनिटं उगाच बोलत बसलो, ती म्हणाली आज काय लागतंय का तुला, पैसे पाहिजेत का. त्या रात्री मी या बड्सना पाच स्टार देणार होतो, खरंच.

दुसऱ्या दिवशी कळलं की ते बटण चालू असलं की फोन आणि लॅपटॉप एकाच वेळी जोडलेले राहत नाहीत. आणि लॅपटॉपला एलई ऑडिओ येतच नाही. विंडोज ११ आहे, मायक्रोसॉफ्टनं २०२५ मध्ये सांगितलं पण की माईक चालू असताना आता स्टीरिओ मिळणार, पण त्याला आतली चिप आणि ड्रायव्हर दोन्ही तयार लागतात. माझ्यात नाही. लॅपटॉपवाल्या दुकानदाराला फोन केला तर, "५.२ आहे की साहेब!" परत तेच.

मग बटण चालू ठेवून फोनवरच कॉल घ्यायला लागलो, तर दहा-पंधरा मिनिटांनी डावा बड गप्प. तिसरी चक्कर. यावेळी दुसरा पोरगा होता, रिसेट मारला आणि म्हणतो, "ते ऑप्शन बंदच ठेवा सर, तेवढं सोडून सगळं चालतंय." म्हणजे मिसळ खावा पण कट मागू नका. दीड हजार मी त्या कटाचेच जास्त दिले होते की!

शेवटी उपाय भाच्यानंच काढला आणि तो इतका साधा की सांगायला लाज वाटते. लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुटला बड्स ठेवायचे आणि इनपुटला लॅपटॉपचा स्वतःचा माईक. बड्सचा माईक लागलाच नाही तर ते गाण्याच्या रस्त्यावरनं हलतच नाहीत. फुकट! आठ महिने मी तीन चकरांचं पेट्रोल जाळलं. लॅपटॉपचा माईक लांबचं जास्त पकडतो म्हणून महाद्वार रोडवरनं २८० रुपयांचा वायरवाला कॉलर माईक आणला. आता सहा म्हणजे सहाच ऐकू येतं.

एक राहिलंच. याच एलई ऑडिओत ऑराकास्ट म्हणून प्रकार आहे, एका ठिकाणाहून आवाज सोडायचा आणि हॉलमधल्या कितीही जणांनी तो आपल्या बड्समध्ये किंवा कानाच्या मशीनमध्ये घ्यायचा. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं तेव्हा आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिथं असली सोय झाली तर ते परत नाटकाला येतील. पण त्यांच्या मशीनमध्ये ऑराकास्ट नाही, आणि नव्या मशीनची किंमत ऐकून ते म्हणाले, "टीव्ही ऐकू येतोय की मला."

तर गाण्याला चार, कॉलला दीड, सर्व्हिसला अर्धा स्टार, तो पण पहिल्या पोराला. हजार-दीड हजारातले साधे घेतले असते तरी माझं काम झालं असतं. टीव्ही अजून फुल आवाजातच आहे, कॉलर माईकमधनं पण पलीकडं जातोच, परवा पुण्याच्या पार्टीनं विचारलं काल त्या सुनेचं पुढं काय झालं.